सव्वातीनशे माणसांच्या कारखान्यात मदतनिधी कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, कायम आणि कंत्राटी धरून सव्वातीनशे माणसं, तीन शिफ्ट. कॅन्सरच्या उपचारांसाठी मुलांना घेऊन परळला येणाऱ्या आईवडिलांच्या राहण्याजेवणाची सोय करणारी एक संस्था आहे. तिच्यासाठी 3 लाख रुपये जमवायचे आहेत. एचआरने सगळ्यांना मेल केला, कँटीनमध्ये पोस्टर लावलं, पण दोन आठवड्यांत अठरा जणांकडून मिळून 11 हजार आले. लोकांना या कामाचं काही वाटत नाही का, पगारातून सरसकट पैसे कापावेत का, आणि सहकाऱ्यांना यात सामील करून घ्यायचं तरी कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात पर्सोनेलचं काम केलं आणि आता संस्थांना निधी उभारायला मदत करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी उदासीनतेबद्दल. तुमच्या सव्वातीनशेंपैकी निम्म्याहून जास्त माणसं मशीनवर आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीचा मेल आयडीसुद्धा नसेल. ज्यांना आहे त्यांना दिवसाला पन्नास मेल येतात आणि एचआरचा मेल म्हणजे सुट्ट्यांची यादी किंवा गणवेशाची सूचना, असंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. ही बातमी बहुतेकांपर्यंत पोचलेलीच नाही, मग त्यांनी नकार दिला असं कसं म्हणायचं? माझ्या अनुभवात कारखान्यात पैसे उभे राहतात ते ओळखीच्या माणसाने समोर उभं राहून मागितल्यावर. मेल आणि पोस्टर लागतात, पण ते मागणाऱ्याच्या पाठीशी असावे लागतात. त्याच्या जागी ते चालत नाहीत.

म्हणून पहिलं काम माणसं निवडण्याचं. इथे बहुतेक कंपन्या चुकतात. एचआरमधली दोन उत्साही मुलं आणि प्रत्येक खात्याचा प्रमुख अशी समिती बनते. कागदावर ती छान दिसते, पण खातेप्रमुखाने पैसे मागितले की ती मागणी राहत नाही, हुकूम होतो. समोरचा माणूस पन्नास रुपये देतो आणि मनात नाराजी ठेवतो.

तुमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असणार, वर्षातून एकदा सत्यनारायण होत असेल, कुणी रिटायर झालं की शाल-श्रीफळ आणि भेटवस्तू दिली जात असेल. या सगळ्याची वर्गणी कोण गोळा करतं ते बघा. प्रत्येक खात्यात असा एक माणूस असतो. त्याच्याकडे वही असते, तो पै-पैचा हिशेब पूजेनंतर बोर्डावर लावतो आणि उरलेले बत्तीस रुपये पुढच्या वर्षीच्या खात्यात दाखवतो. असेंब्ली लाइनवर बायकांची भिशी चालत असेल तर ती चालवणारी ताईसुद्धा याच जातकुळीची. पतसंस्थेचा संचालक, स्टोअरमधले जुने मामा, गेटवरचे सिक्युरिटीवाले दादा, ज्यांच्याकडे लोक विश्वासाने पैसे देतात असे आठ-दहा जण शोधा. तिन्ही शिफ्टमधून घ्या. रात्रपाळीला हमखास विसरलं जातं, आणि मग तिथली माणसं म्हणतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

युनियन असेल तर समिती बनवण्याआधीच अध्यक्षांना भेटा. सगळं ठरल्यावर नुसतं कळवायला गेलात, तर हे मॅनेजमेंटचं काम आहे असा शिक्का बसतो आणि तो पुसता येत नाही. आधी गेलात, तर बऱ्याचदा पहिली पावती तेच फाडतात.

या आठ-दहा जणांना संस्था दाखवून आणा. शनिवारी एक गाडी करा आणि परळला जाऊन या. हे टाळून पुढे जाऊ नका, कारण जे पाहिलं नाही ते दुसऱ्याला सांगता येत नाही. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल 1941 सालापासून सुरू आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून तिथे पेशंट येतात. लहान मुलांना होणारा रक्ताचा कॅन्सर आज मोठ्या प्रमाणात बरा होतो, पण उपचार लांबतात. सुरुवातीचे काही महिने तर हॉस्पिटलच्या आसपासच राहावं लागतं आणि गोळ्या-तपासण्या धरून सगळा कोर्स दोन वर्षांच्या पुढे जातो. केमो चालू असताना मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली येतात, साधा संसर्गसुद्धा जिवावर बेतू शकतो. अशा मुलाला फूटपाथवर किंवा दाटीवाटीच्या खोलीत ठेवणं धोक्याचं असतं. त्याला स्वच्छ खोली आणि घरचं ताजं जेवण लागतं. बापाची मजुरी बुडालेली असते, गावाकडे दुसरी मुलं असतात, मुंबईचं भाडं परवडत नाही, आणि मूल जरा बरं दिसायला लागलं की कुटुंब उपचार अर्धवट सोडून गावी परत जातं. बरा होणारा आजार अशा वेळी हातचा जातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या पेशंटांची सोय होते, आणखीही काही संस्था हे काम करतात, तरी गरज संपत नाही.

तुमच्या पोस्टरवर बहुधा ‘कॅन्सरग्रस्त मुलांना मदत करा’ असं असेल. वाचणाऱ्याला वाटतं, औषधं तर सरकारी योजनेतून मिळतात, मग माझ्या शंभर रुपयांनी काय होणार? त्याऐवजी तुमच्या प्रेस शॉपमधल्या दादाने सांगावं, ‘मी तिथे गेलो होतो. यवतमाळकडचं एक कुटुंब चार महिने एका खोलीत राहतंय. आई तिथल्या स्वयंपाकघरात पोरासाठी भात लावत होती. ही खोली नसती तर ते परत गेले असते.’ एवढं पुरे. यात कुणाचं नाव नको, मुलाचा फोटो तर मुळीच नको. केस गेलेल्या मुलांचे चेहरे पोस्टरवर छापून पैसे लवकर येतात असा समज आहे. मला ते कधीच पटलं नाही. ते मूल उद्या बरं होऊन शाळेत जाणार आहे, त्याच्या आजाराचा फोटो सव्वातीनशे मोबाइलमध्ये फिरत राहू नये. खोलीचा फोटो लावा, स्वयंपाकघराचा लावा.

संस्थेकडून एक आकडा मात्र आवर्जून मागून घ्या. एका कुटुंबाला एका दिवसाला एकूण किती खर्च येतो? भाडं, वीज, धान्य, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचा पगार सगळं धरून. चांगल्या संस्थेकडे तो तयार असतो. मग तुमचा मागणारा ‘इतक्या रुपयांत एका कुटुंबाचा एक दिवस निघतो’ असं सांगू शकतो. देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले ते समजतं. ज्याला तेवढे जमत नाहीत, त्याने शेजारच्या मशीनवरच्या मित्राबरोबर मिळून एक दिवस घ्यावा. असे दोघे-तिघे मिळून देणं कारखान्यात फार चांगलं रुजतं.

आता तुमच्या 3 लाखांकडे वळू. सरळ हिशेब मांडा. सव्वातीनशेंपैकी अगदी निम्म्यांनी, म्हणजे एकशेसाठ जणांनी, सरासरी 500 रुपये दिले तरी 80 हजार होतात. पहिल्याच वर्षी निम्मी माणसं देतील हेसुद्धा मोठं यश आहे. 3 लाखांचं उद्दिष्ट बोर्डावर लावून 90 हजारांवर थांबलात तर सगळ्यांना अपयश आल्यासारखं वाटेल, आणि ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिले त्यांचा हा अपमान होईल. कर्मचाऱ्यांचं उद्दिष्ट 1 लाख ठेवा. शिवाय कंपनीकडे मागा: कर्मचारी देतील तेवढेच पैसे कंपनीनेही घालावेत.

हे कंपनीकडून मागताना फायनान्सकडे तयारीने जा. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी कुठलीही एक मर्यादा गाठते, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावी लागते. तुमची कंपनी त्यात बसत असेल तर तिचा वाटा त्या रकमेतून जाऊ शकतो, फक्त संस्थेची सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी झालेली हवी. कर्मचाऱ्यांच्या खिशातले पैसे मात्र कंपनीच्या सीएसआरमध्ये धरता येत नाहीत. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला आणि नोटिशीतही लिहा, कारण ‘आमच्या पैशांवर कंपनी स्वतःचा कोटा भरते’ ही कुजबुज सुरू झाली की मोहीम तिथेच बसते. कंपनी या कायद्यात बसत नसली तरी मालकांकडे मागायला हरकत नाही. कामगारांनी आधी आपले घातले आहेत असं सांगून मागायला गेलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं अवघड असतं.

सप्लायरांकडे मात्र परचेस खात्यातून मागू नका. बिल अडकेल या भीतीने दिलेला पैसा देणगी नसतो. हे मी ठामपणे सांगते, कारण हा सोपा रस्ता प्रत्येक समितीला कधी ना कधी सुचतोच.

थोडे थोडे पैसे अनेकांकडून घेण्याची रीत तुमच्या शेजारच्या तळेगावलाच एकदा यशस्वी झाली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. तुमच्यातले अनेक जण रोज त्याच गावातून कामावर येत असतील. नोटिशीत ही दोन वाक्यं घाला, लोक आपुलकीने वाचतात.

मागायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर पाच मिनिटं सगळ्यांना उभं करतो, सेफ्टी आणि टार्गेट सांगतो. त्यातली दोन मिनिटं मागून घ्या. त्या दोन मिनिटांत समितीतल्या माणसाने काय पाहिलं ते सांगावं. पैसे त्या वेळी मागू नयेत. मागायचं ते नंतर, जेवणाच्या सुट्टीत, एकेकट्याला गाठून. शब्द साधे हवेत: ‘पाटील मामा, त्या परळच्या मुलांसाठी आपल्या लाइनमधून काहीतरी पाठवायचं म्हणतोय. मी एक दिवसाचे दिलेत. तुम्हाला जमण्यासारखं असेल तर बघा, नसेल तर काही नाही.’ यात तीन गोष्टी सांभाळल्या आहेत. मागणाऱ्याने आधी स्वतः दिलं आहे. मागणी नेमकी आहे. आणि ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली आहे.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मत फार पक्कं आहे. कारखान्यात प्रत्येकाच्या घरची गोष्ट वेगळी असते. कुणाचं घराचं कर्ज असतं, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणी स्वतःच्या वडिलांच्या डायलिसिसला पैसे घालत असतं आणि कुणाला सांगत नसतं. अशा माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे. म्हणून कुणी किती दिले याची यादी बोर्डावर लावू नका. मंडळाच्या वर्गणीत ती पद्धत आहे आणि तिथे चालतेही, पण कामाच्या ठिकाणी त्या यादीतून साहेबांना कळतं कोणी दिले नाहीत, आणि साहेबांना ते कळतं हे कामगाराला माहीत असतं. रोजची एकूण रक्कम आणि देणाऱ्यांची संख्या एवढंच लावा. ‘आज 46 जण, 21,300 रुपये.’ संख्या वाढताना दिसली की लोकांना आपणही त्यात असावं असं वाटतं. खात्याखात्यांत चढाओढ लावायची असेल तर ती रकमेची नको, सहभागाची ठेवा, आणि छोट्या खात्यांना सांभाळून.

कंत्राटी कामगारांचं काय करायचं, हे बहुतेक कुणी विचारत नाही. त्यांच्याकडे जाऊन मागू नका. त्यांचा पगार कमी, नोकरी कच्ची, नाही म्हणायची हिंमत आणखी कमी. पण त्यांना वगळूही नका. कँटीनजवळ कुलूपबंद पेटी ठेवा आणि सगळ्यांना खुली आहे असं सांगा. एका कारखान्यात असं झालेलं मी पाहिलंय. पॅकिंगमधल्या एका हेल्परने वीस रुपये आणून दिले आणि पावती मागितली. पावती लिहिणाऱ्या बाईंनी पुस्तक उघडलं, त्याचं पूर्ण नाव विचारलं, ‘अक्षरी रुपये वीस फक्त’ लिहून सही केली आणि दोन्ही हातांनी पावती दिली. त्याने ती घडी करून आयकार्डाच्या पाऊचमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधली सहा-सात पोरं पावती घ्यायला आली. वीस रुपयांची पावतीही त्याच पुस्तकातून आणि त्याच आदराने फाडा.

पैशांच्या व्यवहारात जराही ढिलाई नको. कुणाच्याही वैयक्तिक जीपे-फोनपे नंबरवर पैसे घेऊ नका, तो माणूस कितीही सचोटीचा असो. संस्थेच्या नावाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड मागवून घ्या आणि तो स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसतंय याची खात्री करून मगच चिकटवा. रोख रकमेसाठी संस्थेचं छापील, क्रमांक घातलेलं पावती पुस्तक आणा. पेटी दोघांनी मिळून उघडायची, मोजायची, वहीत दोघांनी सह्या करायच्या आणि रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत संस्थेच्या खात्यात भरायची. यामागे कायद्याचाही भाग आहे. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाने स्वतःच्या नावाने धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्तांकडे परवानगीसाठी जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी ती परवानगी घेतात. तुम्ही नोंदणीकृत संस्थेसाठी, तिच्याच पावतीवर, थेट तिच्याच खात्यात पैसे घेतलेत तर सगळं स्वच्छ राहतं. संस्थेचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचा ऑडिट केलेला ताळेबंद आणि करसवलतीचं प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स समितीतल्या प्रत्येकाकडे असू द्या. ‘पैसे पोचतात का?’ हा प्रश्न पहिल्या तासात येतो, तिथेच कागद दाखवायचा.

करसवलतीचा फार गाजावाजा करू नका. 80जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट जुन्या कर पद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत नाही, आणि आता बहुतेक पगारदार नव्या पद्धतीत आहेत. शॉप फ्लोअरवरच्या अनेकांना तर करच लागत नाही. जे जुन्या पद्धतीत आहेत त्यांना सांगा की 2000 रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत मिळणार नाही, पैसे ऑनलाइन द्या आणि पॅन नंबर कळवा. तुमच्याकडे जर्मन किंवा कोरियन अधिकारी असतील तर त्यांची देणगी घेण्याआधी संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का ते विचारा. परदेशी नागरिकाचा पैसा, तो चाकणमध्ये रुपयांत दिला तरी, त्या नोंदणीशिवाय संस्थेला घेता येत नाही.

पगारातून कापण्याबद्दल विचारलंत. सरसकट मुळीच नको. सरकारी नोकरीत मोठ्या आपत्तीच्या वेळी एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीला देण्याची पद्धत आहे, त्यावरून हे सुचलं असेल. पण तुमचं काम वेगळं आहे. ज्यांना द्यायचे आहेत त्यांच्याकडून लेखी संमतीपत्र घ्या. त्यात रक्कम, किती महिने, आणि कधीही थांबवता येईल हे तिन्ही लिहिलेलं असावं. पगारपत्रकावर ती कपात वेगळ्या ओळीत दिसावी. महिन्याला 50 रुपये, वर्षभर, असं देणारे चाळीस जण मिळाले तर वर्षाला 24 हजार होतात, आणि संस्थेला दर महिन्याला किती येणार हे आधीच कळतं. एकदाच्या मोठ्या देणगीपेक्षा संस्थेला याचं मोल जास्त असतं, कारण खोलीचं भाडं दर महिन्याला भरायचं असतं.

वस्तू जमवायच्या मोहात पडू नका. जुने कपडे आणि खेळणी द्यायला लोक लगेच तयार होतात. पण 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आलेल्या जुन्या कपड्यांचं काय झालं ते तिकडच्या माणसांना विचारा. शिवाय प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांजवळ वापरलेल्या मऊ खेळण्यांना जागा नसते. संस्थेने लेखी यादी दिली तरच वस्तू, आणि त्याही नव्या.

दिवस नीट निवडा. पगार 7 तारखेला होत असेल तर 8 ते 14 हा तुमचा आठवडा, 20 तारखेनंतर मागण्यात अर्थ नाही. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं असतात, गणपतीत गावाकडची आणि गल्लीतली वर्गणी असते, मार्चमध्ये सगळे कामात बुडालेले असतात. 2 ते 8 ऑक्टोबर हा दान उत्सवाचा आठवडा देशभर पाळतात आणि संस्थाही तेव्हा तयारीत असतात, तर त्याच्या शेवटच्या दिवसाला जोडून 8 ते 14 तारखेपर्यंत चालवा. पुढे दिवाळीचा बोनस होईल तेव्हा पुन्हा पेटी ठेवता येते, पण तेव्हा माणसांनी फिरून मागू नये, पेटी नुसती असावी. मोहीम दहा दिवसांच्या वर ताणू नका.

ज्या अठरा जणांनी आतापर्यंत 11 हजार दिले आहेत, त्यांना या आठवड्यातच भेटा. मेल नको, जागेवर जाऊन भेटा, आभार माना आणि संस्थेची पावती हातात द्या. ते कुणी न मागता देणारे लोक आहेत. तुमच्या समितीतली पहिली दोन-तीन नावं बहुधा त्यांच्यातच सापडतील.

मोहीम संपली की तीन दिवसांच्या आत हिशेब बोर्डावर लावा. किती जण, रोख किती, ऑनलाइन किती, कंपनीने किती घातले, संस्थेच्या खात्यात कुठल्या तारखेला जमा झाले, आणि शेजारी बँकेची पावती. तीन महिन्यांनी संस्थेकडून अर्ध्या पानाचं पत्र मागवा, मराठीत, की या पैशांतून किती कुटुंबांचे किती दिवस निघाले. ते पत्र ज्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा मागणी केली होती तिथेच, त्याच माणसाने वाचून दाखवावं. तिन्ही शिफ्टमध्ये, रात्रपाळीलासुद्धा.